चारूताईंच्या फळीवरची नऊ भांडी

माणसाची पत त्याच्या घरातल्या दुसऱ्याच्या भांड्यांवरून मोजता येते, हा शोध लागला सोलापुरात. पण त्या शोधाला शहाणपण शिकवलं ते बार्शीच्या चारूताई तांबटांनी. मी साक्षीदार आहे. तीस वर्षं मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो, किलोमागे पाच ग्रॅम मारणारा दुकानदार मला त्याच्या नमस्कारावरून ओळखू यायचा. तेव्हा जे सांगतोय ते तोलूनमापून. कुठे काट्यावर बोट पडलंच, तर सांभाळून घ्या.

साल दोन हजार चव्वेचाळीस, महिना फेब्रुवारी. बाफना भांडी भांडारच्या पायरीवर डाव्या हाताला एक बुटकं स्टूल असे आणि त्यावर चारूताई. भांड्यावर नाव टाकायचं मशीन हातात धरलं की घर्रर्र आवाज करत त्या अशा काही लिहीत, की वाटावं स्टीलच मऊ झालंय. 'सौ. अश्विनी हिस बारशाप्रीत्यर्थ आत्याकडून' एवढा मजकूर त्या आमटीच्या वाटीच्या कडेवर बसवीत, तारखेसकट. कारखान्यातून ठिपक्यांचे छापे मारलेली भांडी येऊ लागली होती, तरी लोक वाकडी वाट करून त्यांच्याकडे येत. चौतीस वर्षं त्यांनी ती पायरी सोडली नव्हती.

एका सकाळी रौनक बाफना गल्ल्यावरून उठून पायरीवर येऊन बसला. त्याचे वडील असे पायरीवर कधी बसले नसते, म्हणून तिथंच चहा घेत बसलेला मी कान टवकारून ऐकू लागलो.

"काकू, दुकानाची दर्शनी जागा आता कंपनीमार्फत भाड्यानं जाते. पायरीसुद्धा. करार करायचा तर पतांक सातशेच्या वर लागतो."

"मग लाव की माझा."

"लावला. उणे एक आला."

"उणे?" चारूताईंनी मशीन बंद केलं. "म्हणजे शून्याच्याही खाली? मी कुणाचं काय बुडवलंय रे?"

"बुडवलं नाही काकू, घेतलंच नाही. कधी कर्ज नाही, हप्ता नाही, कार्ड नाही. यंत्रणेला तुम्ही दिसतच नाही."

"चौतीस वर्षं ढळढळीत उन्हात बसलेय. डोळे तपासून आण तिचे."

रौनक हसला, पण त्याचा चेहरा पडलेला होता. "एकोणतीस तारखेपर्यंत मुदत आहे. नाहीतर इथं चावी बनवायचं यंत्र बसतंय. माझ्या हातात असतं तर मी विचारलं असतं का?"

लीप वर्ष होतं म्हणून एक दिवस जास्त, एवढीच काय ती सवलत. पंधरा दिवस हातात होते.

*

पतांक हवा तर कार्ड हवं, आणि कार्ड हवं तर पतांक हवा. या चक्रात शिरायचं दार कुठं आहे, हे विचारायला आम्ही दोघं पेठेतल्या बँकेत गेलो. मी आपला सोबतीला. बोलायचं काम चारूताईंना कुणी शिकवावं लागत नाही.

तिथं रेयांश होनराव नावाचा अधिकारी होता. अतिशय गोड मुलगा, फक्त तीन वाक्यांपैकी दोन पाठ केलेली. त्यानं टेबलावरच्या काचेत तीन कार्डं उगवून दाखवली. पहिलं सोनेरी. विमान आणि हॉटेलच्या खर्चावर पाच टक्के परत, वर्षाची फी चार हजार.

"विमानात कोण भांडी घेऊन बसतं? माझं तिथं काय काम?" चारूताई म्हणाल्या. "पुढचं."

दुसरं निळं. घरपोच खरेदीवर पाच टक्के परत, पण महिन्याला अडीचशे रुपयांपर्यंतच, आणि ठरावीक दुकानांतूनच.

"म्हणजे तुझ्या अडीचशेसाठी मी पाच हजारांची खरेदी करायची, तीही नको असलेली. पुढचं."

तिसरं राखाडी, दिसायला गरीब. सगळ्या खर्चावर एक टक्का परत, फी नाही. मात्र आधी बँकेत वीस हजारांची मुदतठेव ठेवायची, तेवढ्यावरच कार्ड.

"थांब. माझेच पैसे तू ठेवून घेणार, आणि त्यांच्या जिवावर मलाच उधार देणार?"

"हो मॅडम."

"आणि वर उपकारही तुझेच?"

रेयांशनं पाठ केलेलंच पुन्हा म्हटलं, "हो मॅडम." चारूताईंनी मात्र ते राखाडी कार्ड काचेवर बोटानं जवळ ओढलं. "तिघांत हेच खरं बोलतंय," त्या मला म्हणाल्या. मी मनातल्या मनात टोपी काढली. माझा पुतण्या पुण्यात अर्थशास्त्र शिकवतो, त्याचं पहिलं कार्ड सोनेरी होतं आणि त्याची फी फेडता फेडता त्याचं लग्न लांबलं.

"पण यानं पतांक किती दिवसांत उगवेल?"

"सहा महिने मॅडम. सहा हप्ते वेळेवर भरल्यावर."

सहा महिने म्हणजे ऑगस्ट. तोवर पायरीवर चाव्या बनू लागल्या असत्या. चारूताई उठायला लागल्या तेव्हा रेयांश पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं एक वाक्य बोलला.

"काकू, तुमच्या घरी हुशार फळी आहे का?"

*

फळी कुणाकडे नव्हती? डाळ-तांदूळ घरपोच देणाऱ्या कंपन्यांनी बारा वर्षांपूर्वी ती घरोघर फुकट बसवून दिली होती. दिसायला साधी मांडणी. प्रत्येक डब्याखाली दशांश ग्रॅमपर्यंतचं वजन सांगणारा पातळ काटा, आणि वर एक बारीक डोळा. तुरीची डाळ संपत आली की फळीच मागवून टाकायची. माझ्यासारख्या माणसाला तर ती बघूनच भरून येई; असला काटा नोकरीत मिळाला असता तर मी निम्मा बाजार दंडात बसवला असता.

पण फळी बनवणाऱ्यांना आपली रीत ठाऊक नव्हती. शेजारून वाटीतून लोणचं आलं, की फळी गोंधळायची. हे भांडं कुणाचं? आपलं म्हणून मोजायचं की नाही? शेवटी त्यांनी तिला भांड्यांवरची नावं वाचायला शिकवलं. नाव घरच्यांचं नसेल, तर 'परकं भांडं' म्हणून नोंद करायची आणि विसरून जायचं. अशा लाखो नोंदी कुठंतरी केराच्या टोपलीसारख्या साठत राहिल्या.

सोलापूरच्या डॉ. नीलोफर बागवान यांनी ती टोपली उपसली. बाईंचं म्हणणं साधं होतं. शेजाऱ्याचं भांडं म्हणजे सही नसलेलं कर्ज. ना जामीनदार, ना तारीख, ना वसुलीला येणारा. मग माणूस ते परत का करतो? आणि किती दिवसांत? त्यांनी प्रत्येक भांड्याचा प्रवास रेघांनी जोडला, तेव्हा शहराचं एक जाळं तयार झालं: कोणाकडून निघालं, किती दिवस राहिलं, आणि परत जाताना किती वजनाचं होतं. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. बाईंनी त्या साखरेला नाव दिलं परतभार. ज्याचं भांडं तीन दिवसांत परत जातं आणि परतभारासकट जातं, त्याचं बँकेचं कर्जही बुडत नाही, असं त्यांच्या गणितानं शंभरात चौऱ्याण्णव वेळा बरोबर सांगितलं. पगाराच्या कागदांवरून सांगणाऱ्या बँकांची मजल सत्तरच्या पुढे गेली नव्हती.

आमच्या शाखेत हा भांडीपतांक नुकताच सुरू झाला होता. अट एकच. माणसानं स्वतः अंगठा लावून आपल्या फळीला तोंड उघडायची परवानगी द्यायची.

चारूताईंनी अंगठा लावायला हात पुढे केला, आणि मध्येच थांबल्या. मी तेव्हा ते बघितलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. मग त्यांनी अंगठा असा दाबला, जसा माणूस दुखऱ्या दातावर दाबतो.

काचेवर आकडा आला: दोनशे बारा.

रेयांशनं खाली वाचलं आणि त्याचा आवाज बारीक झाला. "परकी भांडी नऊ. परत गेलेली शून्य. फळी बसली त्या दिवसापासून सगळी तिथंच आहेत. काकू... जिल्ह्यात सगळ्यात कमी आहे हा आकडा."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या भांड्यांवर नावं टाकणारी बाई, आणि तिच्या घरात नावं असलेली नऊ भांडी दुसऱ्यांची! बँकेत पासबुक भरायला आलेल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चारूताई पायऱ्या उतरल्या. वाटेत त्यांनी एकच वाक्य म्हटलं, "राखाडी कार्डच बरं होतं."

*

चौथ्या दिवशी माझ्या दारात डॉ. बागवान हजर. कपाळावर चष्मा, हातात कागदांची गुंडाळी. चारूताई दार उघडत नव्हत्या, म्हणून शेजारी म्हणून माझ्याकडे.

"तुम्ही वजनमापवाले ना? मग हे बघा," त्या म्हणाल्या आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. "नऊ भांडी, बारा वर्षं. एकदाही त्यात काही शिजलं नाही, काही साठवलं नाही. चोर असता तर वापरली असती. विसरली असती तर धूळ चढून वजन वाढलं असतं. इथं उलटंच आहे. दर वर्षी एकदा, दिवाळीच्या आधी, सगळी दोन तास खाली उतरतात आणि परत जागेवर जातात. त्यातली दोन दर खेपेला गुंजभर हलकी होतात."

मी चष्मा लावला. "पितळी असणार," मी म्हणालो. "चिंच लावून घासलं की पितळ गुंजभर झिजतं."

बागवानबाई टाळी देतील की काय असं वाटलं. "म्हणजे कुणीतरी बारा वर्षं दुसऱ्याची भांडी घासूनपुसून ठेवतंय, आणि देत मात्र नाहीये. माझ्या गणितात असा माणूसच नाही. मला त्यांना भेटायचंय."

आमची ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "चारू मला दार उघडेल," ती म्हणाली.

उघडलं. इतक्या वर्षांत चारूताईंनी पहिल्यांदाच कुणाला स्वयंपाकघरापर्यंत येऊ दिलं. फळीच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात नऊ भांडी ओळीनं मांडलेली, देवघरातल्यासारखी लखलखीत. आणि त्यात, उजवीकडून दुसरा, एक पितळी डबा.

"अगं बाई," आमची ही म्हणाली. "हा माझा माहेरचा डबा!"

आता इथं मला स्वतःबद्दल बोललंच पाहिजे. तो डबा मी भंगारवाल्याला विकला, या आरोपाखाली मी सतरा वर्षं बोलणी खात होतो. मंगळागौर असो, श्राद्ध असो, डब्याचा विषय निघे. आज माझी निर्दोष मुक्तता झाली, आणि साक्ष द्यायला एक शास्त्रज्ञही हजर.

चारूताई खाली बसल्या. "वहिनी, आमचे हे अकरा महिने अंथरुणावर होते ना, सत्तावीस साली. तेव्हा तुम्ही या डब्यातून आमटी पाठवायचात. त्या पातेलीतून कंचनबाई खिचडी पाठवायच्या, रौनकची आई. मशीन निम्मा वेळ बंद, घरात पैसा नाही. भांडी परत द्यायची तर त्यात घालायला माझ्याकडं काही नव्हतं. साखर होती ती ह्यांच्या चहापुरती. रिकामं भांडं कसं देऊ? म्हटलं, चार दिवसांनी देऊ."

"मग?" बागवानबाईंनी विचारलं.

"मग हे गेले. भांडी येऊन तोवर चार महिने झाले होते. चार महिन्यांनी चमचाभर साखर घालून दिलं असतं तर बरं दिसलं असतं का? म्हटलं लाडू करून देऊ. लाडवांपुरते पैसे जमले तोवर वर्ष झालं. वर्षानं नुसते लाडू? म्हटलं, सोबत खण तरी हवा. खण घेतला तोवर तीन वर्षं झाली. जेवढी लांबली तेवढं त्यात जास्त घालावं लागणार होतं, आणि जेवढं जास्त घालायचं तेवढं लांबत होतं. डॉक्टरीणबाई, आता सतरा वर्षांनी मी ह्यात काय घालू? सोनं?"

मी तीस वर्षांत सावकारांचे नाना प्रकार पाहिले, पण स्वतःवर चक्रवाढ व्याज लावणारी बाई पहिल्यांदाच पाहिली; आणि तेही मागणारा कुणी नसताना.

बागवानबाई कागद गुंडाळू लागल्या. "माझं गणित चुकलं. न वापरता जपलेलं भांडं म्हणजे बुडवलेलं कर्ज नव्हे. मी आजच सूत्र बदलते. तुमचा आकडा संध्याकाळपर्यंत वर येईल."

"थांबा," चारूताई म्हणाल्या. "आकड्याला हात लावू नका."

"अहो, पण पायरी..."

"पायरी जाईल तर जाईल. भांडी इथंच बसलीत आणि माझा आकडा वर गेला, तर तो आकडा खोटा. माझ्याच फळीसमोर मला मान खाली घालावी लागेल."

आमची ही एवढ्यात पुढे झाली. "चारू, मला दोन चमचे साखर घालून दे माझा डबा. आत्ता."

चारूताईंनी मान हलवली. "साखर नाही वहिनी. आमटी. चिंचगुळाची, तुम्ही करायचात तशी."

*

पुढचे सहा दिवस त्या घरात ज्या भांड्यातून जे आलं होतं, तेच शिजलं. चारूताईंना सगळं पाठ होतं: कोणत्या वाटीतून शेंगांची चटणी, कोणत्या तांब्यातून ताक, कोणत्या डब्यात मटकीची उसळ आणि तीत कुणाचं तिखट जास्त. एक घर लातूरला गेलं होतं. चारूताई एसटीनं जाऊन उसळ देऊन आल्या. दोन माणसं राहिली नव्हती. त्यांच्या सुनांनी भांडी उलटीपालटी करून सासूचं नाव वाचलं आणि चारूताईंना बसवूनच घेतलं. आमच्या डब्यातली आमटी अगदी हिच्या हातची होती. मी तसं म्हणालो, तर हिनं विचारलं, "मग इतकी वर्षं माझ्या आमटीला नावं का ठेवता?" निर्दोष मुक्ततेचा आनंद एवढाच टिकला.

शेवटची पातेली कंचनबाईंची. त्याही आता हयात नव्हत्या. तारीख सव्वीस. चारूताईंनी झाकण लावलेली पातेली दुकानात गल्ल्यावर ठेवली.

"तुझ्या आईची आहे. सतरा वर्षं माझ्याकडं होती. उशीर झाला."

रौनकनं कडेवरचं नाव वाचलं, 'सौ. कंचन बाफना', चारूताईंच्याच अक्षरात. झाकण काढलं. मुगाची खिचडी. त्यानं उभ्याउभ्याच चमचा मागवला, आणि एक घास खाल्ला.

"काकू, मीठ कमी आहे."

"तुझी आई कमीच घालायची."

"हो," तो म्हणाला. "आणि मी रोज भांडायचो." मग त्यानं ती सगळी पातेली संपवली. गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, पण कुणी घाई केली नाही.

त्या दुपारी डॉ. बागवान यांनी आपल्या सूत्रात एक ओळ घातली: भांडं किती उशिरा गेलं यापेक्षा, ते थांबलेलं असताना कसं ठेवलं होतं आणि भरून गेलं का, हे अधिक वजनाचं. ती ओळ घातल्यावर राज्यभरात हजारो माणसांचे आकडे हलले म्हणतात. बार्शीत एक आकडा हलला, तो मी स्वतः काचेवर पाहिला. सातशे एक्याऐंशी.

रेयांश इतका खूश झाला की त्यानं पुन्हा सोनेरी कार्ड पुढे केलं. "आता तुम्हाला हेही मिळतं मॅडम! फीसुद्धा पहिल्या वर्षी माफ!"

"आणि दुसऱ्या वर्षी?" चारूताईंनी विचारलं. "मला राखाडी दे. ठेव लागत नाही ना आता?"

"नाही मॅडम."

"एक टक्का का असेना, जे खाते-पिते त्यावर देतंय. आणि महिन्याच्या महिन्याला सगळं फेडायचं, एक दिवस वर नाही. लांबलं की काय होतं ते मला माहिती आहे."

अठ्ठावीस तारखेला पायरीचा करार झाला, एक दिवस हातचा राखून. चावीचं यंत्र समोरच्या औषधाच्या दुकानात गेलं.

*

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण चारूताईंची रीत संपत नाही. कार्ड आलं त्या दिवशी त्यांनी स्टीलचा एक डबा भरून रव्याचे लाडू शाखेत नेऊन दिले. डब्यावर ठसठशीत नाव: 'चारुशीला तांबट, भांडे गल्ली'. बँकेतल्या मंडळींनी लाडू एका बैठकीत फस्त केले आणि डबा चहा-साखरेच्या मांडणीवर ठेवून दिला.

आता ती मांडणी म्हणजे हुशार फळीच होती. चहाची साखर संपली की मागवणारी. तिनं आपलं काम केलं: परकं भांडं, एक. आणि बागवानबाईंच्या गणिताला घर आणि बँक यांतला फरक कुणी शिकवला नव्हता.

अकराव्या दिवशी मी पायरीवर चहा घेत बसलो होतो, तेव्हा चारूताईंचा फोन वाजला. रेयांशचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतका तो घाबरला होता.

"ताई, आमच्या शाखेचा पतांक सहाशेच्या खाली गेलाय! तुमच्या डब्यामुळं!"

"मग दे की आणून."

"तसंच आणणार होतो हो दुसऱ्या दिवशी. पण आमचे शिपाईमामा म्हणाले, रिकामा नेऊ नका. मग काय घालायचं यावर मीटिंग झाली. मॅनेजरसाहेब म्हणाले काजूकतली. पण भेटवस्तूला मुख्य कचेरीची परवानगी लागते. पत्र पाठवलंय. त्यांनी विचारलंय किती ग्रॅम. आता अकरा दिवस झाले, नुसती काजूकतली पण बरी दिसणार नाही म्हणतात..." तो एकदम मुद्द्यावर आला. "ताई, डब्यात काय घालू?"

चारूताईंनी मशीन खाली ठेवलं. मला वाटलं, आता हसतील. हसल्या नाहीत.

"दोन चमचे साखर घाल, बाळा," त्या म्हणाल्या. "आणि आत्ता निघ."

वीस मिनिटांत रेयांश घामाघूम होऊन पायरीशी उभा. चारूताईंनी डबा माझ्याकडे दिला, म्हणाल्या, "बघा साहेब, तुमच्या सवयीनं." मी रौनकच्या काट्यावर साखर तोलली. दोन चमचे म्हणजे तीस ग्रॅम. भरली चाळीस. तीस वर्षांच्या नोकरीत मी कमी भरलेली मापं हजारो पकडली. जास्त भरलेलं हे पहिलंच, आणि तेही बँकेचं.